मुनियेचीं पोरकीं पिलें

श्रावण लागला, कीं मंचर-घोडेगांवाकडून भीमाशंकरास जाणारा रस्ता यात्रेकरूंनीं गजबजून जातो. पावसाची झोड चालू असते, धुक्यामुळें दहा पावलांपलीकडचें दिसत नाहीं, आणि दुतर्फा गवत कमरेइतकें वाढलेलें असतें. १९८५ सालीं अभयारण्य म्हणून राखलें गेलेलें, सुमारें १३१ चौरस किलोमीटरचें तेथील रान हें शेकरूचें रान म्हणून प्रसिद्ध आहे. आणि शेकरू दिसावा म्हणून माना वर करून चालणाऱ्या मंडळींना पायापाशीं काय पडलें आहे, तें सहसा दिसत नाहीं. परंतु डोंगराच्या उतरणीवर, जेथें गर्द झाडी संपून भात, नाचणी व वरईचीं शेतें सुरू होतात, तेथील झुडपांत याच दिवसांत एका इवल्याशा पक्ष्याचा संसार मांडलेला असतो. हा पक्षी म्हणजे ठिपकेवाली मुनिया. चिमणीहून लहान, पाठ तपकिरी, चोच जाड, आणि पांढऱ्या पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. वजन अवघें बारा ते सोळा ग्रॅम. इंग्रजींत दाणे टिपणाऱ्या ज्या लहान पक्ष्यांना सरसकट फिंच म्हणतात, त्यांपैकींच ही एक.

मुनियेचें घरटें म्हणजे गवताच्या पात्यांचा नारळाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा; आंत शिरण्याची वाट बाजूला. नर व मादी दोघेंही तें बांधतात, दोघेंही अंडीं उबवितात. पावसाळ्यांत गवताला बीं धरूं लागतें, म्हणून या पक्ष्याचा विणीचा हंगामही पावसाळ्याचाच. परंतु हाच काळ वादळवाऱ्याचा, फांद्या तोडण्याचा आणि पुढें गवत कापण्याचा. घरटें खालीं येतें, आणि कोणी कनवाळू मनुष्य तें रुमालांत बांधून पुण्यामुंबईस घेऊन जातो. घरीं गेल्यावर पिलांना दुधांत बुडविलेला पाव भरविला जातो, वर चमचाभर पाणी पाजलें जातें, मुलें कौतुकानें भोंवतीं बसतात; आणि सकाळीं पिलें मेलेलीं आढळतात. दयेच्या पोटीं घडणारा हा अपघात टाळतां येण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न असा, कीं पिलूं खरोखर पोरकें आहे काय? जुन्नर तालुक्यांत याच प्रश्नाचें एक मोठें उदाहरण नेहमीं घडत असतें. ऊसतोडणीच्या वेळीं फडांत बिबट्याचे बछडे सांपडतात. आई जवळपासच दडलेली असते. म्हणून वनखातें आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसें, बछडे धडधाकट असल्यास, ते पेटींत घालून संध्याकाळीं पुन्हां त्याच जागीं ठेवतात. आणि बहुतेक वेळां मादी रात्रीं येऊन त्यांना घेऊन जाते. बिबट्याच्या बाबतींत जें खरें, तें मुनियेच्या बाबतींतही खरें आहे. माणसाचा हात लागला कीं पक्षीण पिलाला टाकते, ही समजूत घरोघर असली तरी तिला आधार नाहीं.

तेव्हां घरटें जेथें पडलें, तेथल्याच झुडपांत तें पुन्हां बांधून द्यावें. तें फाटलें असेल तर लहानशी परडी घ्यावी, तळाला पाणी झिरपण्यास भोंकें ठेवावीं, आंत सुकें गवत घालून वर गवताचेंच छप्पर करावें आणि दूर जाऊन तास-दोन तास पाहावें. जवळ उभें राहून पाहणारा मनुष्य आईबापांच्या दृष्टीनें मांजराहून वेगळा नसतो. पिसें फुटलेलें, तुरुतुरु उडी मारणारें पिलूं तर बहुधा पोरकें नसतेंच. तें उडण्याचा अभ्यास करीत असतें. त्यास फांदीवर ठेवून निघून जावें.

आईबाप मेल्याचें दिसलें, किंवा ते फिरकलेच नाहींत, तर मग हातानें वाढविण्याचा विचार. परंतु त्याआधीं वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळविणें अगत्याचें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी मुनिया घरीं बाळगण्यास मनाई आहे. घरांतली ही शुश्रूषा जाणत्या हातांत पिलें सोंपवीपर्यंतचीच.

या शुश्रूषेंत अन्नाच्या आधीं ऊब. थंड पडलेल्या पिलाला अन्न पचत नाहीं. पोटांत गेलेला घांस तेथेंच आंबतो. उघड्या अंगाच्या पिलाला पस्तीस अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि पिसें येत जातील तशी ती कमी करावी. खोक्याच्या एका टोकाशीं कापडांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते. दिव्याची ऊब द्यावयाची, तर तारेचा जुना दिवा हवा. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. पिलूं चोच उघडून धापा टाकूं लागलें तर उष्णता अधिक झाली असें समजावें. पाय फांकूं नयेत म्हणून वाटीच्या आकाराचें आंथरूण द्यावें. सुटे धागे बोटांना आवळतात, ते मात्र नसावेत.

दूध कटाक्षानें वर्ज्य. पक्ष्याच्या पोटांत दुधांतील शर्करा पचविण्याची सोय नसते. मुनियेचे आईबाप गळ्यांतील पिशवींत मऊ केलेले दाणे पिलांच्या तोंडांत ओततात. त्याची नक्कल म्हणून राळ्याचें किंवा वरईचें वस्त्रगाळ पीठ शिजवून त्यांत उकडलेल्या अंड्याचा बलक कालवावा, आणि कोमट, पातळ खिरीसारखें करून सुई काढलेल्या बारीक पिचकारीनें द्यावें. पक्ष्यांसाठीं तयार मिळणारें चूर्ण असल्यास तें अधिक बरें. पाणी तोंडांत ओतूं नये. जिभेच्या मागेंच श्वासनलिकेचें तोंड असतें, आणि एक थेंब तेथें गेला कीं खेळ संपला. लहान पिलांना अर्ध्या तासानें, पिसें आलेल्यांना तासानें, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत भरवावें. त्वचा इतकी पातळ असते, कीं गळ्याच्या बाजूस भरलेली पिशवी बाहेरून दिसते. ती रिकामी होत आली कीं दुसरा घांस. कामावर जाणाऱ्या मनुष्यास हें जमणारें नाहीं, हें उघडच आहे.

भरवितांना एक गोष्ट नवख्यास चकवते. इतर पक्ष्यांचीं पिलें मान उंच ताणून आऽ करतात. मुनियेचें पिलूं मान खालीं वांकवून, वळवून, डोकें हलवीत तोंड उघडतें. आंत टाळूवर काळसर खुणा असतात. तें आजारी नसतें. त्याच्या कुळाची ती रीतच आहे.

जगविणें साधलें तरी दुसरें संकट उरतें. सह्याद्रींतच पांढऱ्या पाठीची मुनिया आहे. तिच्याच जातीचे पक्षी चीनमधून जपानांत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाऊन पूर्ण माणसाळले. त्यांना बेंगाली फिंच म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनीं १९६० च्या दशकांत ऑस्ट्रेलियाच्या झेब्रा फिंचचीं पिलें या बेंगाली फिंचच्या घरट्यांत वाढविलीं. मोठेपणीं त्या नरांनीं आपल्या जातीच्या माद्या सोडून पालकांच्या जातीच्या माद्यांपुढें प्रणयाराधन केलें! ज्याचा घांस लहानपणीं खाल्ला, त्याचें रूप पक्ष्याच्या मनावर असें उमटतें. माणसाच्या मांडीवर एकट्यानें वाढलेल्या मुनियेची काय गत होईल, तें यावरून ताडतां येतें. तिला नांव ठेवूं नये, खांद्यावर बसवूं नये, तिच्याशीं बोलूं नये. मुलांना हें कठीण जातें, मोठ्यांना त्याहून कठीण. शक्य तर दोन-चार पिलें एकत्रच वाढवावींत, म्हणजे तीं एकमेकांना पाहून शिकतात.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिलें उडूं लागतात, पण दाणा सोलणें त्यांना लगेच साधत नाहीं. खोक्यांत बियांनीं लगडलेलीं गवताचीं तुरेदार काडें रोवावीं. आधीं नुसती चोच मारणें, मग टरफल वेगळें करणें, मग स्वतः पोट भरणें, असा क्रम चालतो, आणि त्या अवधींत हातचें भरविणें हळूहळू कमी करावें. पाऊस उघडून कार्तिकांत डिंभ्याच्या परिसरांतील गवत पिकलें, कीं मुनियांचे थवे तेथें उतरतात. वनखात्याच्या सल्ल्यानें, निरभ्र सकाळीं, अशा थव्याच्या जवळ खोक्याचें झांकण उघडावें. कांहीं पिलें तत्काळ जातात, कांहीं तासभर काठावर बसून राहतात. त्यांना हुसकूं नये; गवतांत मूठभर राळे टाकून माणसांनीं मागें सरावें.