जुनी झाडे नव्या घरी नेताना
(मंडळाच्या महिला शाखेच्या आषाढातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही दांडिया बाजारातले जुने घर सोडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. भांडी, कपाटे, देवघर एका दिवसात हलले. प्रश्न होता तीन कुंड्यांचा : चौकातले 40 वर्षांचे रबराचे झाड, जिन्याखालचे ब्रह्मकमळ आणि मागील दारचा अनंत. तिन्ही सासूबाईंनी लावलेली. त्यातले एक मी घालवले. ते कसे, हे ऐकून तुमचे तरी वाचेल, म्हणून आज उभी राहिले आहे.

अनंताची कुंडी वर्षानुवर्षे एकाच जागी होती. तळाच्या भोकातून मुळे जमिनीत उतरली होती. टेम्पोच्या घाईत माणसांनी कुंडी ओढून उचलली आणि मुळे तुटली. नव्या घरी मी लगेच कुंडी बदलली, खत घातले, पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवली. पाने गळू लागली तशी काळजीपोटी रोज पाणी घालत गेले. मुळेच तुटलेली, पाणी ओढणार कोण? उरलेली कुजली. तीन आठवड्यांत झाड गेले. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. गणपतीत दूर्वा निवडताना एवढेच म्हणाल्या, "यंदा अनंत नाही."

उरलेली दोन झाडे सुदैवाने अजून जुन्या घरीच होती. ताबा द्यायला दोन महिने होते. तेवढ्यात शहाणपण शिकले.

पहिले, कुंडीखाली गेलेली मुळे महिनाभर आधी धारदार सुरीने कापावीत आणि झाड तिथेच सावलीत राहू द्यावे. रबराच्या फांद्याही तेव्हाच थोड्या छाटाव्यात. त्याचा चीक अंगाला लागू देऊ नये, खाज सुटते.

दुसरे, हलवण्याआधी तीन-चार दिवस पाणी बंद. 18 इंची मातीची कुंडी ओली असताना सहज 60-70 किलो भरते. उचलताना खोड धरायचे नाही, कुंडीला तळाशी हात घालायचा. फांद्या वरच्या दिशेने जुन्या साडीने बांधाव्यात. उघड्या टेम्पोत वाऱ्याने पाने सुकतात, म्हणून चादर गुंडाळावी आणि सकाळी लवकर निघावे.

तिसरे, झाडाच्या उजेडाकडच्या बाजूला दोरा बांधावा. नव्या जागी तीच बाजू उजेडाकडे ठेवावी. आधी आठ दिवस घरात, मग हळूहळू गॅलरीत. जड कुंडी कठड्याजवळ नको, भिंतीलगत ठेवा.

चौथे, आणि आपल्याला सर्वांत कठीण : काही करू नका. कुंडी बदलणे आणि खत, दोन्ही दीड-दोन महिने नाही. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी. आमच्या रबराची खालची पाने एकेक करून गळली. मी झारी उचलली की सासूबाई म्हणत, "अगं, त्याला जरा बसू दे." दसऱ्याच्या सुमारास शेंड्याला लाल कोंब दिसला.

ब्रह्मकमळाची मात्र मला भीती नव्हती. मूळचे मेक्सिकोकडचे हे निवडुंग. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचे चपटे खोडच. तुकडा दोन-तीन दिवस सावलीत सुकवून रेताड मातीत खोचला की रुजतो. मी आधीच पाच तुकडे लावून ठेवले होते. अनंताची एक फांदीही लावून ठेवली नव्हती, ही खरी चूक.

पण ती चूक सासूबाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच सुधारून ठेवली होती. त्यांनी दिलेल्या फांदीवरून शेजारच्या काकूंनी अनंत वाढवला होता. या पावसाळ्यात त्याच झाडाची फांदी आमच्याकडे आली आणि रुजली. यंदा फूल येणार नाही, पण पाने हिरवीगार आहेत.

म्हणून आज पिशवीत ब्रह्मकमळाचे तुकडे आणले आहेत. जाताना एकेक घेऊन जा. माझे कधी गेलेच, तर तुमच्याकडे मागायला येईन.

गणपती बाप्पा मोरया!