धूर पकडणारे यंत्र आणि आपली मागची खोली

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला हळदीकुंकू, गाणी आणि अहवालवाचन ही ठरलेलीच. त्यात धुरावर बोलायचे म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत कारले वाढण्यासारखे आहे. पण ज्या गावात हवा-पाण्याचा अभ्यास करणारी संस्था १९५८ पासून उभी आहे, आणि १९७४ पासून जिला आपण ‘नीरी’ म्हणून ओळखतो, त्या गावाला हा विषय परका नसावा.

कारणही घरचेच आहे. मंडळाच्या मागच्या खोलीत दुपारी सात-आठ जणी दिव्यांच्या माळा जोडायला बसतात. सोल्डरिंग आयर्न तापते, तारेतली राळ जळते आणि निळसर धूर उठतो. त्यांच्यातल्या एकीला चार महिन्यांपासून खोकला आहे. सोमवारी तो सुरू होतो, शनिवारपर्यंत वाढतो आणि रविवारी घरी उतरतो. राळेच्या धुराने दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. कामाच्या दिवशी त्रास आणि सुटीला आराम, ही त्याची ओळखीची खूण. तिने डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण ‘काम सोड’ असे तिला सांगणे आपल्याला जितके सोपे, तितके तिच्या घराला ते परवडणारे नाही. म्हणून त्या खोलीसाठी विजेवर धूर पकडणारे यंत्र घ्यावे अशी सूचना आली आहे. पैसे तुमच्या वर्गणीचे आहेत, तेव्हा हे यंत्र काय करते आणि काय करत नाही, ते आधी ऐकून घ्या.

कोरड्या केसांवर फणी घासून ती कागदाच्या कपट्यांजवळ नेली की कपटे उडून फणीला चिकटतात. लहानपणी हा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. यंत्राचे तत्त्व हेच. धूर म्हणजे तरंगणारे अतिसूक्ष्म कण. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान. चाळणीने हे धरायचे तर चाळणी इतकी बारीक लागते की हवाच अडते. विजेला चाळणीची गरज नाही. बारीक तारेला काही हजार व्होल्टचा दाब दिला की तारेभोवतीची हवा विद्युतभारित होते. तिच्यातून जाणारे कणही भारित होतात आणि पुढच्या धातूच्या पट्ट्यांकडे ओढले जाऊन तिथे चिकटतात. हवा मात्र मोकळी निघून जाते.

हे व्यवहारात आणले अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी, १९०७-०८ च्या सुमारास. गंधकाम्लाच्या कारखान्यातले तुषार त्यांना पकडायचे होते. सुती आवरणाच्या तारेतून जास्त दाबाची वीज जात असता अंधारात त्यांना दिसले की सुताच्या सुटलेल्या तंतूंच्या टोकांवर जांभळट प्रकाश आहे. वीज हवेत उतरायला अशी अणकुचीदार टोके लागतात, हा धागा त्यांना तिथे मिळाला. सुताचे तंतू आपण सगळ्या जणी रोज हाताळतो, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. पेटंटचे उत्पन्नही त्यांनी स्वतः घेतले नाही. १९१२ साली संस्था काढून ते शास्त्रीय संशोधनाला दिले.

हेच यंत्र प्रचंड आकारात कोराडीला आहे. देवीच्या दर्शनाला जाताना ज्या चिमण्या दिसतात, त्यांच्या आधी या पट्ट्यांच्या खोल्याच्या खोल्या असतात. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळशामागे तीस-चाळीस किलो राख उरते, आणि तिच्यातली बरीचशी धुराबरोबर उडू पाहते. शंभरातले नव्व्याण्णव हिस्से आणि वर काही पकडणे हे या पट्ट्यांचे काम. पण पकडलेली राख नाहीशी होत नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. धूर पकडला म्हणजे काम संपले असे नव्हे. पकडलेले कुठे ठेवायचे, हा प्रश्न मागे राहतोच. आपल्या खोलीत तो लहान असेल, एवढेच.

घरगुती यंत्राचा घाट १९३० च्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीतले गेलॉर्ड पेनी यांनी बसवला: आधी भार देणाऱ्या तारा, मग पकडणाऱ्या पट्ट्या. तारांना त्यांनी धन भार दिला, कारण त्यामुळे ओझोन कमी होतो. हा ओझोन म्हणजे वीज कडाडल्यावर येतो तो तिखट वास. कोणी सांगेल की तो वास ताज्या हवेचा आहे. विश्वास ठेवू नका. ओझोन छातीला बाधतो, आणि दमेकऱ्याला आणखीच. कॅलिफोर्नियात २०१० पासून नियम आहे की घरगुती यंत्राने दशलक्ष भाग हवेत ०.०५ भागाहून अधिक ओझोन करू नये. विकत घेताना दुकानदाराला हे विचारावे, आणि तो हसला तर दुसऱ्या दुकानात जावे. पट्ट्या नसलेले, नुसते हवा भारित करणारे स्वस्त डबेही मिळतात. त्यांतून सुटलेले कण भिंतीला चिकटतात, आणि दिवाळीपर्यंत भिंत काळी.

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र कण धरते, वायू धरत नाही. राळ जळताना डोळे चुरचुरवणारे जे वायू निघतात, ते पट्ट्यांमधून सरळ निघून जातात. त्यांना विशेष तयार केलेल्या कोळशाचा थर लागतो, आणि तोही वेळच्या वेळी बदलावा लागतो. शेगडीतला विषारी कार्बन मोनॉक्साइड तर तोही अडवत नाही. यंत्र चालू आहे म्हणून हिवाळ्यात दारे लावून शेगडी पेटवाल, तर प्राणाशी गाठ आहे.

म्हणून माझे मत असे की आधी एक्झॉस्ट पंखा आणि पत्र्याचा पाइप घ्यावा, आणि यंत्राचा विचार नंतर. आपण कामावर वाकून बसतो आणि गरम धूर सरळ वर येतो, म्हणजे नाकातच. पाइपाचे तोंड कामापासून वीतभर अंतरावर, बाजूला असले तर धूर चेहऱ्यापर्यंत येतच नाही. वारा पाठीकडून यावा, काम समोर आणि पंखा त्याच्याही पुढे. उन्हाळ्यात कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवली की निम्मे काम आपोआप होते. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीची. थंडीमुळे सगळे बंद असते. तेव्हा पंख्याच्या जोडीला यंत्र उपयोगी पडेल, आणि तेवढ्यासाठी ते घेण्याला माझा विरोध नाही.

पण घेतले तर पट्ट्या दर पंधरवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्या लागतील. मळलेल्या पट्ट्या कण धरत नाहीत, नुसत्या चटचट ठिणग्या टाकतात. पावसाळ्यात ओल्या पट्ट्याही तेच करतात, तेव्हा पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. धुण्याची पाळी कोणाची, हे खरेदीच्या आधीच वहीत लिहून ठेवा. नंतर कोणी कोणाचे ऐकत नाही, हे मी मंडळाच्या गाद्या-सतरंज्यांवरून सांगते. थिनर किंवा वार्निशचे काम चालू असताना ठिणगीचे हे यंत्र लावूच नये. आणि कोणाचे चिरंजीव म्हणतील, ‘आई, जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर मी घरीच करून देतो,’ तर त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्या ट्रान्सफॉर्मरने माणसे दगावली आहेत. विकतच्या यंत्रातही बटण बंद केल्यावर काही वेळ वीज शिल्लक असते. प्लग काढून थोडे थांबावे, मगच झाकण उघडावे.

माझ्या घरचे यंत्र पाहण्यासाठी मी आणले आहे. यजमान रेडिओ दुरुस्त करतात त्या टेबलावरचे आहे, आणि पट्ट्या मुद्दाम न धुता आणल्या आहेत. चहानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे. प्लग काढून ठेवला आहे.