दोषनोंदींचा धागा

कचेरींत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची बारनिशी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. कागदावर केवळ आपला आवक क्रमांक घालून भागत नाहीं. ज्या कचेरींतून तो आला तिचा जावक क्रमांकही टिपावा लागतो. तो टिपला नाहीं, तर एकाच प्रकरणाचीं दोन दप्तरें होतात आणि तीं एकमेकांस ओळखीत नाहींत. संगणकाच्या आज्ञावलींतील दोषांची, म्हणजे ‘बगां’ची, नोंद ठेवणाऱ्यांनाही हाच धडा गिरवावा लागला आहे.

एखादी आज्ञावली आज एकाच हातून लोकांपर्यंत पोहोंचत नाहीं. मूळ कर्ते ती लिहितात. डेबियन, उबुंटू यांसारखे वितरक तिची बांधणी करून ती वांटतात. वापरणारा आपली तक्रार बहुधा वितरकाकडे नेतो, पण उपाय पुष्कळदां मूळ कर्त्यांच्या हातीं असतो. शिवाय प्रत्येकाची नोंदवही निराळी.

म्हणून डेबियनच्या वहींत ‘फॉरवर्डेड’ असा शेरा मारून मूळ कर्त्यांकडील नोंदीचा पत्ता लिहितां येतो. मोझिलासाठीं १९९८ सालीं निघालेल्या बगझिलांत आज ‘सी ऑल्सो’ हा त्याच कामाचा रकाना आहे. उबुंटूचें लाँचपॅड तर बाहेरच्या नोंदीवर पाळत ठेवून तिची स्थिति आपल्या वहींत उतरून घेऊं शकतें.

हा धागा तुटला म्हणजे काय होतें, हें एका प्रसंगावरून दिसेल. ओपनएसएसएल ही गुप्तलेखनाची आज्ञावली. व्हॅलग्राइंड नांवाचें तपासणीचें साधन तिच्यांतील कांहीं ओळींवर आक्षेप घेतें, अशी तक्रार २००६ सालीं डेबियनच्या वहींत आली. डेबियनच्या कार्यकर्त्यानें मूळ प्रकल्पाच्या टपालयादीवर विचारणा केली. उत्तर अनुकूल आलें आणि डेबियनच्या प्रतींत दोन ओळी बंद करण्यांत आल्या. त्यांतील एक ओळ मात्र किल्ल्यांना अनपेक्षितपणा पुरविणारी होती. ती जातांच एका जातीच्या यंत्रावर ठराविक लांबीच्या किल्ल्यांचा सारा संभव अवघ्या ३२,७६८ प्रकारांवर आला. असें कुलूप चोरानें क्रमानें किल्ल्या लावून उघडावें!

प्रश्न विचारला गेला होता. पण बदललेल्या ओळी मूळ घरीं परीक्षणास गेल्या नाहींत. हा दोष ल्युसियानो बेल्लो यांच्या ध्यानांत आला, आणि १३ मे २००८ रोजीं डेबियननें तो जाहीर केला. दुरुस्ती सोपी होती; पण मधल्या काळांत घडविलेल्या किल्ल्या उबुंटूच्या वापरकर्त्यांनाही टाकून द्याव्या लागल्या.

नुसत्या दुव्यानें ही चूक टळली असती, असें म्हणवत नाहीं. दुवा वाट दाखवितो. चालावें माणसानेंच लागतें. शिवाय परक्या वहींत ‘निकाल लागला’ असा शेरा पडला, म्हणून आपल्या घरचा दोष गेला असें होत नाहीं. सुधारलेली प्रत वापरणाऱ्याच्या हातीं पडावी लागते. तोंवर दोन्ही वह्यांतील क्रमांक शेजारीं शेजारीं राहूं देणें, हेंच शहाणपणाचें.