टीव्ही बॉक्सची किल्ली कुणाकडे?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून केऑनिक्सने ३३२ एकरांवर वसवलेली ही वसाहत. नावातच इलेक्ट्रॉनिक्स. अशा ठिकाणी राहून माझ्याच घरातला एक साधा टीव्ही बॉक्स मला कळला नव्हता, त्याची ही गोष्ट.

२०२२च्या पावसाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कायमचे राहायला आले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. इथे शेजारी कन्नड, तमिळ, तेलुगू बोलणारे. त्यामुळे दोघांचा दिवस टीव्हीवरच्या मराठी कार्यक्रमांवर जायचा. हॉलमधला टीव्ही बॉक्स एका नावाजलेल्या कंपनीचा होता, पण जुना झालेला. चालू केला की अर्धा पडदा जाहिरातींनी भरायचा आणि आईला बातम्या कुठे आहेत तेच सापडायचं नाही. मी म्हटलं, हा बॉक्स रूट करू या.

रूट म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात प्रत्येक अॅपला एक वेगळा वापरकर्ता मानून आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. या सगळ्या खोल्यांची किल्ली असलेला एकच वापरकर्ता असतो, तो रूट. बॉक्स आपण पैसे देऊन विकत घेतो, पण ही किल्ली कंपनी आपल्याला देत नाही. ती हवी असेल तर आधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं. बूटलोडर म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. ते कुलूप उघडताना बॉक्समधली सगळी माहिती पुसली जाते, म्हणजे किल्लीच्या नादात जुनं सामान कुणाच्या हाती लागू नये.

मग मी मॅजिस्क वापरलं. जॉन वू या तरुणाने २०१६ साली आणलेलं हे साधन. मूळ सिस्टिमच्या फायली न बदलता ते रूट देतं. जाहिराती गेल्या. मोठ्या अक्षरांचा साधा पडदा आला, त्यावर चारच चौकोन. आई खूश, मीही खूश.

दोन दिवसांनी एक अॅप उघडेना. ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ एवढंच म्हणायचं. दुसरं अॅप उघडायचं, पण चित्र धूसर. बाबा म्हणाले, “अरे, पैसे भरलेत ना आपण? मग हे धुकं कसलं?”

अॅपला रूट कसं कळतं? साध्या खुणांवरून. रूटची ठरावीक फाइल ठरावीक जागी आहे का, मॅजिस्कचं अॅप दिसतंय का, कुठे जोडकाम झालंय का, हे ते तपासतं. आणि लपवायचं कसं? अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅप झायगोट नावाच्या एकाच मूळ प्रक्रियेतून जन्माला येतं. मॅजिस्कला आपण नावांची यादी देतो. त्या यादीतलं अॅप जन्माला येत असतानाच त्याच्यापुरतं सगळं जोडकाम काढून घेतलं जातं. बाकी घरात पसारा तसाच, पण पाहुणा ज्या खोलीत बसलाय ती खोली झाडलेली. मी यादी भरली आणि पहिलं अॅप मुकाट्याने उघडलं. खरं सांगतो, त्या रात्री मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

धुकं मात्र गेलं नाही. कारण ते अॅप खोलीत बघतच नव्हतं. सिनेमा-मालिकांच्या चित्राला वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. त्याची एल-१ पातळी चिपच्या सुरक्षित भागात चालते आणि एल-३ नुसत्या सॉफ्टवेअरवर. काही यंत्रांत बूटलोडर उघडला की एल-१ जाते आणि सर्व्हर हलक्या दर्जाचं चित्र पाठवतो. तपासाची दिशाच बदलत चालली आहे. गूगलची आधी सेफ्टीनेट ही तपासणी होती, आता प्ले इंटेग्रिटी आहे. तिच्या कडक पातळीवर फायली शोधणं दुय्यम. चिपमधल्या किल्लीने सही केलेला दाखला मागितला जातो, की बूटलोडर बंद आहे का? सॉफ्टवेअरला तोंड लपवता येतं, चिपची सही बनवणं फार अवघड. २०२१मध्ये खुद्द जॉन वू गूगलच्या सुरक्षा विभागात रुजू झाला आणि मॅजिस्कच्या पुढच्या आवृत्तीतून लपवण्याची जुनी सोय त्याने काढून टाकली. यादी राहिली, पण तपासणीला चकवण्याचं काम त्याने सोडून दिलं.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दिवाळीत.

आई-बाबांच्या खोलीत दुसरा टीव्ही लावला आणि त्यासाठी मी बाजारातून एक स्वस्त, बिननावाचा बॉक्स आणला. दुकानदार म्हणाला, “आधीच रूट केलेला आहे सर, तुम्हाला काही करायला नको.” मंडळी, मला आनंद झाला! माझे दोन दिवस वाचले म्हणून.

जानेवारी २०२३मध्ये डॅनियल मिलिसिक नावाच्या माणसाने स्वतः विकत घेतलेल्या टी९५ या बॉक्सबद्दल जाहीरपणे लिहिलं. खोक्यातून काढला तेव्हापासूनच त्यात घातक प्रोग्राम होता आणि तो परस्पर बाहेरच्या पत्त्यांशी बोलत होता. ते वाचून मी रात्री अकराला लॅपटॉप उघडला आणि आमच्या बॉक्सला जोडून पाहिलं. एडीबी नावाचं दुरुस्तीचं दार असतं, ते साधारणपणे बंद असतं. उघडलं तरी ‘या लॅपटॉपला परवानगी द्यायची का?’ असं टीव्हीवर विचारलं जातं. इथे कुणी काही विचारलं नाही. आणि ओळीच्या शेवटी साध्या वापरकर्त्याला डॉलरचं चिन्ह दिसतं, तिथे मला हॅश दिसला. हॅश म्हणजे रूट. वाय-फायवरच्या कुणालाही सगळ्या खोल्यांची किल्ली, न मागता. राउटरवर नोंदी पाहिल्या. घरातले सगळे झोपलेले, टीव्ही बंद, आणि बॉक्स अनोळखी पत्त्यांशी गप्पा मारतोय.

असे बॉक्स काय करतात? जाहिरातींवर खोटे क्लिक करतात. आणि आपलं इंटरनेट कनेक्शन परक्यांना भाड्याने देतात. कुणीतरी कुठेतरी फसवणूक करतो आणि पत्ता आपल्या घराचा दिसतो. त्याच वाय-फायवर बाबांचा फोन होता, त्यात पेन्शनचं खातं. अनोळखी लिंक उघडू नका, असं मी त्यांना दर आठवड्याला बजावत होतो. आणि हा बॉक्स त्यांच्या उशापाशी मीच आणून ठेवला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एक गोष्ट लख्ख दिसली. हॉलमधल्या बॉक्सवर मी जे अॅपपासून लपवत होतो, तेच खोलीतल्या बॉक्सवर कुणीतरी माझ्यापासून लपवत होतं. कला तीच. २०२४च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टर वेब या कंपनीने १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख बॉक्समध्ये एक घातक प्रोग्राम शोधला. त्याच्या फाइलचं नाव अँड्रॉइडच्याच एका फाइलसारखं होतं, फक्त इंग्रजी ‘एल’च्या जागी एकचा आकडा. बघणाऱ्याची नजर घसरावी म्हणून. २०२५च्या जुलैमध्ये गूगलने बॅडबॉक्स २.० चालवणाऱ्यांवर खटला भरला. त्यात लागण झालेल्या उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर होता.

सकाळी बाबांना सांगितलं. मी सोपं करून सांगत होतो, त्यांनी मध्येच थांबवलं. “म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आणि मी नुसता हॉर्न वाजवत होतो म्हण की.” यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. मग त्यांनी विचारलं, “आणि हॉलमधल्याचं काय?” तेव्हा कबूल करावं लागलं, की तोही मी उघडलाय, वरून त्याचे अपडेट बंद पडलेत, आणि उद्या मी गावाला गेलो तर घरात कुणालाच तो सांभाळता येणार नाही.

स्वस्तातला बॉक्स त्याच दिवशी काढला. फॅक्टरी रीसेट करून उपयोग नव्हता, कारण रोग मूळ सिस्टिममध्येच असतो. रीसेटने तीच सिस्टिम पुन्हा उभी राहते. तो ई-कचऱ्यात दिला, वाय-फायचे पासवर्ड बदलले, पेन्शनच्या खात्याचे व्यवहार तपासले. पैसे सुखरूप होते. हॉलमधल्या बॉक्सवर कंपनीची मूळ सिस्टिम घातली आणि बूटलोडरला पुन्हा कुलूप लावलं. जाहिराती परत आल्या, धुकं गेलं.

रूट करू नका, असं मी म्हणत नाही. आपण विकत घेतलेलं यंत्र उघडून बघण्याची हौस चांगलीच. मी तिच्यावरच पोट भरतो. माझा एक जुना बॉक्स आजही रूट केलेला आहे. तो वेगळ्या गेस्ट वाय-फायवर असतो, त्यात कुठलंही खातं नाही, आणि तो उघडा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

घरी गेल्यावर एवढं करा. टीव्ही बॉक्स गूगलच्या अँड्रॉइड टीव्ही भागीदारांच्या यादीतल्या कंपनीचा आहे का, पाहा. सेटिंगमध्ये डिबगिंग चालू असेल तर बंद करा. टीव्हीला गेस्ट वाय-फाय द्या, बँकेचे फोन त्यावर ठेवू नका. आणि कुणी ‘आधीच रूट केलेला आहे’ असं कौतुकाने सांगितलं, तर एकच विचारा: किल्ली कुणाकडे आहे?