चोखोबांची समाधी आणि आपला उंबरा

पंढरीत नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिथं माथा टेकून आपण राउळात जातो. पण त्यांच्या जातभाईंना आत जायला १९४७ साल उजाडलं. त्यासाठी साने गुरुजींनी उपोषण केलं.

देवाचं दार उघडलं, पण घरचं? आज्यानं शिवाशीव पाळली, बापानं वेगळा कप ठेवला. गळ्यात माळ दोघांच्याही होती. लेकरू पंगतीत कुणाच्याही शेजारी बसतं. जात विचारायला आपणच शिकवतो. हरिपाठ सांगणाऱ्या तोंडानं भेदही सांगितला, तर लेकरू दोन्ही पाठ करतं.

दिंडीत एकमेकांच्या पाया पडता ना? मग गावी गेल्यावर त्याच माणसाला नातवादेखत घरात बोलवा, आपल्याच कपात चहा द्या. नातू बघून शिकंल. रामकृष्ण हरी!