राष्ट्रीय सुरक्षेचे शास्त्र आणि पोस्टातला इंजिनिअर
(फेडरेशनच्या अभ्यासवर्गात मराठी सभासदांपुढे झालेले भाषण)



सकाळपासून महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा यांवर भरपूर चर्चा झाली. आता जेवणानंतरची वेळ आणि माझा विषय सायबर सुरक्षा. तेव्हा मागच्या रांगेतल्या कोणाचे डोळे मिटले तर माझी तक्रार नाही. पण काल संध्याकाळी इटारसीहून आणि सिकंदराबादहून आलेल्या दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मुलगा आय.टी.आय. झालाय, मुलगी बी.एस्सी. करतेय. देशाच्या सुरक्षेचे संशोधन, हे सायबरचे काम, यात आपल्या पोरांना जागा आहे का? की ते सगळे आय.आय.टी.वाल्यांचेच?" या प्रश्नाचे उत्तर देताना मला ऐंशी वर्षे मागे, इंग्लंडात जावे लागेल. गोष्ट मात्र पोस्टखात्यातलीच आहे.

टॉमी फ्लॉवर्स नावाचा एक माणूस १९०५ साली लंडनच्या पूर्व भागातल्या कामगार वस्तीत जन्मला. बाप गवंडी. पोराने वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात उमेदवारी केली आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. १९२६ साली तो ब्रिटिश पोस्टखात्यात लागला. तिकडे टेलिफोन पोस्टाकडेच होते. पुढे डॉलिस हिल येथील पोस्टाच्या संशोधन केंद्रात तो टेलिफोन एक्सचेंजवर काम करू लागला.

दुसरे महायुद्ध पेटले. हिटलरच्या सैन्याचे वरिष्ठ सेनापती एकमेकांना टेलिप्रिंटरवरून संदेश पाठवीत, आणि त्या टेलिप्रिंटरला लॉरेन्झ नावाचे बारा चाकांचे यंत्र जोडलेले असे. ते प्रत्येक अक्षर बदलून टाकी. ब्लेचली पार्क येथे इंग्रजांचे गणिती हे संदेश उलगडायला बसले होते, पण ते यंत्र त्यांच्यापैकी कोणी पाहिलेसुद्धा नव्हते.

मार्ग सापडला तो एका तारबाबूच्या आळसामुळे. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन ऑपरेटरने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडच्याने तो नीट मिळाला नाही म्हणून पुन्हा मागितला. नियमाप्रमाणे चाकांची मांडणी बदलायला हवी होती. याने ती बदलली नाही, आणि दुसऱ्या वेळी ठोकताना काही शब्द आखूड केले. तेवढ्या धाग्यावरून बिल टट या तरुण गणितज्ञाने आख्ख्या यंत्राची रचना कागदावर मांडली. आपल्यापैकी ज्यांनी रात्रपाळीत मोर्स ठोकला आहे त्यांना त्या ऑपरेटरची मनःस्थिती समजेल. मला तर त्याची दयाच येते.

रचना कळली, तरी प्रत्येक संदेशासाठी चाके कोठून सुरू केली हे शोधायला हाताने आठवडे लागत. त्यासाठी जे पहिले यंत्र केले त्यात कागदाच्या दोन फिती एकदम पळवाव्या लागत आणि त्या ताणत, तुटत. फ्लॉवर्स म्हणाला, एक फीत काढूनच टाका, तिचे काम मी व्हॉल्व्हकडून करून घेतो. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लाल होणाऱ्या त्या काचेच्या नळ्या. ब्लेचलीचे लोक हसले. हजार-दीड हजार व्हॉल्व्ह एका यंत्रात? रोज दहा जळतील! पण फ्लॉवर्स एक्सचेंजमधला माणूस. वारंवार चालू-बंद केल्याने व्हॉल्व्ह जातो, सतत चालू ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, हे त्याला हाताच्या अनुभवाने ठाऊक होते. हे पुस्तकात नव्हते, कामावर होते.

वरून मंजुरी धड नव्हती. केंद्राचा संचालक पाठीशी राहिला आणि पोस्टाच्या या मंडळींनी १९४३ सालभर खपून यंत्र उभे केले. काही सामान फ्लॉवर्सने पदरच्या पैशाने आणले. 'कलॉसस' हे त्याचे नाव. सेकंदाला पाच हजार अक्षरे वाचणारे हे यंत्र ५ फेब्रुवारी १९४४ रोजी पहिल्या संदेशाला लागले. सुमारे २४०० व्हॉल्व्हचे सुधारलेले दुसरे यंत्र १ जून रोजी चालू झाले, आणि ६ जूनला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे चालत होती. ती चालवायला नौदलाच्या तरुण मुली होत्या.

आणि बक्षीस? युद्ध संपताच बहुतेक यंत्रे मोडली गेली. आराखडे जाळण्याचा हुकूम झाला आणि फ्लॉवर्सने ते स्वतःच्या हाताने भट्टीत टाकले. त्याला एक हजार पौंड मिळाले. पदरचा खर्चही त्यातून भागला नाही, तरी ते त्याने सोबत्यांत वाटले. पुढे तसलेच यंत्र बांधायला त्याने बँकेकडे कर्ज मागितले, तर असे यंत्र चालूच शकणार नाही म्हणून बँकेने नकार दिला. मी बांधून चालवले आहे, असे सांगण्याची त्याला बंदी! १९७० नंतरच ही हकीकत हळूहळू बाहेर आली.

बंधूंनो, या शास्त्राला गणिती लागतो आणि तारा जोडणाराही लागतो. आपण हे शास्त्र न शिकता वापरतो. रिले रूमला दोन कुलपे का? एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलच्या माणसाकडे. एकट्याला आत जाता येऊ नये म्हणून. टपालाच्या थैलीला लाख आणि शिक्का का? मध्ये कोणी हात घातला तर कळावे म्हणून. संगणकाच्या सुरक्षेत आज हीच तत्त्वे शिकवतात. 'कवच' प्रणालीत इंजिन आणि स्टेशन रेडिओवर बोलतात. तो संदेश खरोखर स्टेशनचाच आहे, याची खात्री गुप्त आकड्यांनी करावी लागते. ती खात्री नसली तर काय होते? ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडात कोणीतरी साध्या रेडिओवरून गाड्या थांबवण्याचा संकेत सोडला आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. जुना संकेत, त्याला कुलूप नव्हते.

आता घरचे. मी एका उपडाकघरात होतो. बँकिंगच्या प्रणालीत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, म्हणजे तीच दोन कुलपे. पण माणसे तीन हवीत तिथे आम्ही दीड. एक सहकारी रजेवर जाताना आपला पासवर्ड कागदावर लिहून ठेवून गेला, कारण काउंटर बंद ठेवला असता तर वरून फोन आला असता. त्या कागदावरून कोणीतरी एका म्हातारीच्या खात्यातले पैसे काढले. नियम १४ खाली आरोपपत्र मिळाले ते रजेवर असलेल्याला, कारण आयडी त्याचा. तो निर्दोष होता हे मला ठाऊक होते. मी साक्ष दिली, तरी तीन वर्षे त्याची बढती अडली. तेव्हा पासवर्ड कोणालाही देऊ नका, साहेबांनी तोंडी सांगितले तरी. लेखी मागा. आणि माणसे कमी म्हणून दोन कुलपांचे एक करावे लागत असेल, तर तसे त्याच दिवशी लेखी कळवून प्रत जपून ठेवा.

आता मुलांचे. इंजिनिअरिंग झालेल्याने गेट परीक्षा द्यावी, डी.आर.डी.ओ. आणि ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र शास्त्रज्ञ निवडताना तिचे गुण पाहतात. पण पदवी नसली म्हणून दार बंद नाही. डी.आर.डी.ओ. डिप्लोमा आणि आय.टी.आय.वाल्यांसाठी तंत्रज्ञांची वेगळी परीक्षा घेते. भाभा केंद्र बी.एस्सी., डिप्लोमा, आय.टी.आय. झालेल्यांना विद्यावेतन देऊन शिकवते. निव्वळ सायबरचे म्हणाल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात एम.एस्सी. आहे, आणि पुण्याच्या सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, पण त्याची फी आपल्या पगाराला जड जाते. एन.पी.टी.ई.एल.चे वर्ग फुकट ऐकता येतात. सरकारात २००४ पासून 'सर्ट-इन' आहे. वीज, बँका, वाहतूक यांच्या संगणकांची राखण करायला २०१४ पासून आणखी एक केंद्र आहे. तीन महिन्यांत 'एथिकल हॅकर' बनवून नोकरी लावतो म्हणणाऱ्या क्लासला मात्र दमडी देऊ नका. आणि पोराला बजावून ठेवा, गंमत म्हणूनही दुसऱ्याच्या खात्यात शिरायचे नाही. आय.टी. कायद्याच्या ६६ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि या नोकऱ्यांत चारित्र्याची पडताळणी कडक होते.

जाता जाता, खरगपूरच्या एका बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे: "माझे वय ५४. मला आता हे जमेल का?" फ्लॉवर्स १९९८ साली वारला. त्याच्या पाच वर्षे आधी, ८७ व्या वर्षी, त्याने घराजवळच्या हेंडन कॉलेजात नाव घातले, साध्या पर्सनल कॉम्प्युटरचा प्राथमिक वर्ग पुरा केला आणि त्याचे प्रमाणपत्र घेतले.