यंत्रमानवांची दहीहंडी

डोंबिवली सोडून कल्याणकडे निघाले की लगेच ठाकुर्ली स्टेशन लागते. येथे रेल्वेचे जुने वीजघर होते. चोळ्याचे पॉवरहाऊस म्हणून जुनी माणसे त्याला ओळखतात. १९२९ साली ते सुरू झाले. कित्येक वर्षांपूर्वी बंदही पडले. कोळसा जाळून वाफ करायची आणि वाफेवर चक्र फिरवून रेल्वेसाठी वीज काढायची, असा तेथला कारभार. आता गंमत पहा. गाड्यांची ओढ वाढली की असले चक्र मंदावू लागते. त्याला जोडलेला नियंत्रक ते ओळखतो, वाफेची झडप आपोआप थोडी जास्त उघडतो आणि चक्र पुन्हा ठरल्या वेगावर येते. आजची मुले जो यंत्रमानव, म्हणजे रोबो, तयार करतात, त्याचे मर्मही हेच आहे. काय चालले आहे ते जाणायचे, हवे होते त्याच्याशी ताडून पाहायचे आणि चूक सुधारायची.

यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेला पत्र्याचा माणूस डोळ्यांपुढे येतो. स्पर्धेतला यंत्रमानव बहुधा तसा नसतो. दोन चाके, दोन मोटारी, एक बॅटरी आणि पोटाखाली जमिनीकडे पाहणारे दोन ‘डोळे’. हे डोळे न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतात. पांढरी जमीन तो परत पाठवते, काळी रेघ तो गिळून टाकते. डाव्या डोळ्याला काळे दिसले तर डावीकडे वळ, उजव्याला दिसले तर उजवीकडे. एवढी आज्ञा मुलाने लिहून दिली की गाडी रेघेवरून चालू लागते. या आज्ञांच्या यादीलाच प्रोग्रॅम म्हणतात.

अशा स्पर्धा लोकांपर्यंत नेण्यात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचा मोठा वाटा आहे. जपानच्या एन.एच.के. या प्रसारण संस्थेने १९८८ साली विद्यार्थ्यांची यंत्रस्पर्धा सुरू केली. पुढे आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने २००२ साली टोकियोत ‘रोबोकॉन’ भरविली. तेव्हापासून देशोदेशीचे कॉलेजविद्यार्थी आपापली यंत्रे घेऊन तीत उतरतात. यजमान देश आपल्या मातीतला खेळ निवडतो. २००८ साली ही स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा खेळ कोणता होता? आपला गोविंदा! उंचावरचे लोणी यंत्रांनी काढायचे. दहीहंडी कधी न पाहिलेली परदेशची मुले त्या लोण्यासाठी महिनोन् महिने डोके खाजवीत होती, हे मला फार आवडले.

ठाकुर्लीहून फार दूर नाही अशा पवईच्या आय.आय.टी.नेही २०१२ पासून ‘ई-यंत्र’ नावाची स्पर्धा चालविली. निवडलेल्या संघांना यंत्राचे साहित्य तिथून घरपोच गेले. खेड्यातल्या कॉलेजच्या मुलालाही त्यामुळे वाट मिळाली. २०१६ साली सुरू झालेल्या अटल योजनेतून काही शाळांना प्रयोगशाळेसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळाले.

पण शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येथेच एक धोका आहे. बाजारात तयार संच मिळतात. पालक पैसे मोजतात, क्लासवाले जोडून देतात, मूल बटण दाबते आणि बक्षीस घेऊन घरी येते. अशा स्पर्धेत गरिबाच्या मुलाने उतरायचे तरी कशाला? परीक्षकांनी मुलाला एक साधा प्रश्न विचारावा : “बाळ, घरी धावणारी तुझी गाडी इथे रेघ सोडून का गेली?” कारण असे होतेच. घरी ट्यूबलाइटखाली गाडी नीट चालते. मंडपात ऊन येते, उन्हातही तो अवरक्त प्रकाश असतो, आणि डोळ्यांना काळेही पांढरे भासू लागते. बॅटरी उतरली की वळणेही चुकतात. ज्याने स्वतः आज्ञा लिहिल्या, तो तिथेच बसून आकडे पुन्हा जुळवतो. संच विकत घेतलेला मुलगा वडिलांकडे पाहतो. गुण द्यायचे ते या जुळवाजुळवीला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या शाळेत संगणक नाही, तिने उद्याच सुरुवात करावी. पटांगणावर फक्कीने एक वाकडीतिकडी वाट आखा. एका मुलाचे डोळे बांधून त्याला वाटेच्या तोंडाशी उभे करा. तो आपला यंत्रमानव. बाकीच्यांनी पाटीवर आज्ञा लिहायच्या : तीन पावले पुढे, उजवीकडे वळ, दोन पावले पुढे. एकाने त्या वाचायच्या, आणि त्याने ऐकले तेवढेच करायचे. मनाचे काही नाही बरं का! पहिल्या खेपेला तो बहुधा फक्कीबाहेर जाईल, कारण लिहिणाऱ्याची पावले लांब आणि त्याची आखूड. मुले हसतील. मग हातात खडू घेऊन कोणीतरी पाटी पुसू लागेल, तेव्हा गुरुजींनी मध्ये बोलू नये.